किती तास चाललंय

नवरा गेला त्याला काही महिने झाले होते, तेव्हा एका सकाळी तिचा दीर दारात येऊन म्हणाला, "वहिनी, आपल्याला बोट बघायला जायचंय."

"जाऊ," ती म्हणाली.

त्या दिवसांत ती सगळ्यालाच हो म्हणायची. जेवतेस का? हो. झोपतेस का? हो. जेवायची थोडंफार, झोपायची मात्र नाही. अंधारात पडून राहायची आणि उजाडलं की उठायची.

खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं न्यायचा त्या नवराबायकोचा धंदा होता. पूल पार वरच्या अंगाला, वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून पलीकडच्या शाळेतले मास्तर, दवाखान्यातली नर्स, टपालाच्या थैल्या, कधी एखादी शेळी, असं सगळं त्यांच्या बोटीतून जायचं. नवरा सुकाणूच्या चाकापाशी उभा राहायचा. इंजिन तिच्याकडे. यात कुणाचा मोठेपणा नव्हता. त्या बोटीतला इंजिनाचा खण इतका अरुंद होता की नवरा त्यात कमरेपर्यंतच जायचा. एकदा अडकला, तेव्हा अंगाला साबण लावून ओढून काढावा लागला. ही गोष्ट तो स्वतःच प्रवाशांना रंगवून सांगायचा. मग खाली ती उतरायला लागली. सुरुवातीला नुसती बॅटरी धरायची, मग पाना धरायला लागली. पुढे पुढे तो वरून बॅटरी धरायचा आणि ती खालून ओरडायची, "अहो, उजेड इकडे पाडा, माझ्या डोक्यावर काय शोधताय?"

वादळाच्या दुपारी बोट धक्क्यावर आपटायला लागली, म्हणून तो आणखी एक दोर बांधायला गेला. पाय घसरून बोट आणि धक्का यांच्या मधे पडला. माणसाला बाहेर काढेपर्यंत बोटीचंही बूड फुटलं होतं. एकाच दुपारी दोन्ही गेलं.

ती रडली नाही. बहीण येऊन महिनाभर राहिली, तिला गदागदा हलवून म्हणाली, "अगं, रडून घे एकदा, मोकळी हो." ती म्हणाली, "हो." दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो, बोट लावून बघावं तर दुसऱ्याच कुणाचा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. एकदा तापल्या तव्यावर तिचा तळहात टेकला. ते तिला वासावरून कळलं.

दिराचं चष्म्याचं दुकान होतं. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून तो काचेचा नंबर अंदाजाने सांगायचा, बोटीतलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तोंड अखंड चालू. थोरला भाऊ त्याला रेडिओ म्हणायचा, आणि वर म्हणायचा, "याला बंद करायचं बटण बसवायलाच विसरलेत." पण भाऊ गेल्यावर काहीतरी करायला हवं हे त्यालाच सुचलं. खाडीवर तात्पुरती दुसऱ्या कुणाची तरी बोट फिरत होती. मास्तर आणि नर्स भेटले की म्हणायचे, "ताईंना म्हणावं, आम्ही वाट बघतोय." माणसं वाट तरी किती दिवस बघणार?

पहिली बोट एका वकिलाची होती. खाजगी धक्का, रंगवलेले कठडे, बोटीवर निळी ताडपत्री. वकील बोलायला गोड माणूस. राखणदाराने ताडपत्री ओढली आणि दिराच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. बोट लखलखत होती. पितळ पुसलेलं, गाद्या पांढऱ्या, जमीन अशी की पंगत मांडावी.

"वीस वर्षांची आहे, पण नव्यासारखी," वकील म्हणाले. "आणि हे बघा." त्यांनी चाकाजवळच्या छोट्या तबकडीवर बोट ठेवलं. "साडेचारशे तासही झाले नाहीत."

दीर तिच्या कानाशी लागला. "तास म्हणजे गाडीचे किलोमीटर असतात तसेच ना, वहिनी?"

"तसेच. इंजिन किती तास चाललं ते."

"मग साडेचारशे म्हणजे काहीच नाही की! आपली तर..."

"आपली तेवढी तीन महिन्यांत चालायची," ती म्हणाली.

"म्हणजे हिरा सापडला म्हणा ना!"

ती खाली इंजिनाच्या खणात उतरली. इंजिनाला नुकताच रंग दिलेला होता. सवयीने तिने तळवा इंजिनाच्या अंगावर ठेवला. कोमट लागलं. आपल्याच हाताचं काहीतरी चुकत असेल, असं वाटून तिने मनगट टेकवून बघितलं. कोमटच होतं.

"साहेब, शेवटचं कधी चालू केलं होतं?" तिने खालूनच विचारलं.

"झाला असेल महिना. वेळच कुठे मिळतो?"

वर कुणीतरी खाकरलं. राखणदार होता. "साहेब, सकाळी मी जरा चालू करून ठेवलं होतं. पाहुणे येणार म्हणून."

वकिलांच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. "का रे?"

"गार असलं की लवकर धरत नाही. तीनचारदा स्टार्टर मारावा लागतो. म्हटलं, लोकांसमोर शोभा नको."

ती खाली एकेक वस्तू बघत राहिली. ऑइल मोजायची काठी ओढली तर ऑइल मधासारखं सोनेरी. कालपरवाच बदललेलं. नवं ऑइल जुन्याबद्दल काहीच सांगत नाही. रबराची नळी दाबली, ती दबली नाही, वाळल्या शेंगेसारखी करकरली. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत बोट घातलं. बोट गंजाने लाल होऊन बाहेर आलं. पुढचं उघडून बघायची गरज नव्हती. वीस वर्षांत हे इंजिन जेमतेम काही रविवार चाललं होतं, आणि उरलेला सगळा काळ ओल्या हवेत उभं होतं. उभ्या इंजिनात ऑइल खाली उतरून बसतं, वरचं लोखंड उघडं पडतं. रबर आहे त्याच जागी ताठरतं. चालून झिजलेल्या इंजिनाचा हिशोब करता येतो. उभं राहून कुजलेल्याचा करता येत नाही.

ती वर आली, हात पुसले. वकिलांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"बोट छान ठेवलीय," ती म्हणाली. "इंजिन खोलावं लागेल."

वकील रागावले नाहीत. कठड्यावरून हात फिरवत म्हणाले, "मुलं लहान होती तेव्हा हौसेने घेतली होती. मुलांना बोट लागते हे नंतर कळलं. उलट्या व्हायच्या हो. मग राहूनच गेलं." आणि त्यांनी राखणदाराला ताडपत्री ओढायला सांगितलं.

गाडीत बसल्यावर दीर बराच वेळ गप्प होता, म्हणजे दुसरं वळण येईपर्यंत. मग म्हणाला, "वहिनी, मला काही झेपत नाही बुवा. कमी चाललेलं वाईट, तर मग काय जास्त चाललेलं चांगलं?"

"तसंही नाही."

"मग काय बघायचं?"

"कुणी सांभाळलंय ते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्या दिवशी ती जेवढं बोलली, तेवढं आठवडाभरात बोलली नसावी.

दुसरी बोट बघायला जायला त्यानंतर बरेच दिवस गेले. ती एका म्हाताऱ्याची होती, दुसऱ्या खाडीवरची, आणि वाहतुकीचीच. रंग ठिकठिकाणी उडालेला, बाजूला टायर बांधलेले. दिराचा चेहरा पडला. म्हातारा धक्क्यावरच स्टुलावर बसला होता, पायांत जाड मोजे, हातात काठी. त्याची बायको शेजारी उभी.

"बघा बाई बघा," म्हातारी म्हणाली. "एकदाची न्या ही सवत. माझ्यापेक्षा हिचीच विचारपूस जास्त झालीय या घरात."

"अगं, ती उलट उत्तर देत नाही," म्हातारा म्हणाला.

दिराला हसू फुटलं. तीही ओठ हलवून हसल्यासारखं करून बोटीत चढली.

तासांची तबकडी चाकाजवळ होती, पण काच आतून धुरकटलेली आणि काटा मेलेला.

"हे बंद आहे, काका."

"कधीचंच. नातू झाला त्या वर्षी बंद पडलं. त्याला आता मिसरूड फुटलंय."

"नवीन बसवलं नाहीत?"

"बसवून काय करू? ते शून्यापासून मोजणार. घेणाऱ्याला वाटणार, पोर कोवळी आहे." म्हातारा काठीने जमीन टोकरत म्हणाला. "तुम्हीच सांगा किती चाललंय. माझा अंदाज मी नंतर सांगतो."

दीर म्हणाला, "ही तर परीक्षाच झाली!" पण ती चाकापाशी गेलीही होती. चाकाच्या लाकडाला दोन जागी, दोन हातांच्या जागी, खोलगट वाट पडली होती आणि तिथलं लाकूड काळंभोर, गुळगुळीत झालं होतं. गिअरच्या दांड्यावरच्या गोळ्याची अक्षरं पुसली होती. इंजिनाच्या खणात उतरायच्या लोखंडी पायरीची कड मधोमध झिजून खाली बसली होती. तिने त्या कडेवर अंगठा फिरवला.

"बारा हजार," ती म्हणाली. "जास्तच, कमी नाही."

"मी तेरा धरतो," म्हातारा म्हणाला. "पण मधे एकदा पूर्ण खोलून आतलं सगळं नवं घातलं. तिथून धरलंत तर निम्मं." मग तो बायकोकडे वळला. "तो डबा आण गं."

"आणते. घरात माझ्या साड्यांना जागा नाही, पण यांच्या भंगाराला डबे!" असं म्हणत तिने खरंच एक मोठा पत्र्याचा डबा आणून बोटीत आदळला.

डब्यात इंजिनातून काढलेल्या जुन्या वस्तू होत्या. पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी चाकं, पट्टे, डिझेलचे फवारे, बेअरिंगच्या चकत्या. तिने सगळं जमिनीवर ओतलं आणि मांडी घालून बसली. एकेक उचलून उजेडात धरू लागली. रबरी चाकांची पाती वाकलेली होती, पण एकही तुटलेलं नव्हतं. पट्टे झिजले होते, फाटले नव्हते. चकत्यांवरची झीज सगळीकडे सारखी होती, एका बाजूला ओढलेली नव्हती.

"काय दिसतंय, वहिनी?" दीर उकिडवा बसत म्हणाला.

"मोडायच्या आधी बदललंय. प्रत्येक वेळी."

मग ती खाली गेली. इंजिन दगडासारखं गार होतं. ऑइल काळं, पण दोन बोटांत चोळलं तर कचकच नाही, वासाला डिझेल नाही. बोटीच्या तळाशी पाणी होतं थोडं, पण त्यावर तेलाचा तवंग नव्हता. तिने सोबत आणलेला कोरा पांढरा कागद इंजिनाखाली पसरला आणि वर हाक दिली, "स्टार्टर मारा, काका!"

म्हाताऱ्याला चढायला दिराने आणि म्हातारीने मिळून धरलं. पाऊल टाकताना तो खाली बघून टाकत होता, जणू पाय त्याचे नव्हतेच. इंजिन पहिल्या खेपेला धरलं. मागून पांढरा धूर निघाला, थोड्या वेळात विरला, आणि मग एकसारखा आवाज लागला.

ते खाडीत लांबवर गेले. चाक म्हाताऱ्याने तिच्याच हाती दिलं. तिने वेग वाढवत नेला, तसाच धरून ठेवला, आणि उष्णतेच्या काट्याकडे बघत राहिली. काटा एका जागी थांबला, मग अगदी किंचित वर सरकला.

"चढतोय," ती म्हणाली.

"चढतो," म्हातारा म्हणाला. "गार करायच्या नळ्या साफ करायच्या राहिल्यात. दर वर्षी मी करायचो. यंदा खाली उतरताच आलं नाही."

"पायांमुळे?"

"साखर. पायांना काही म्हणता काही कळत नाही. खिळा रुतला तर मागं रक्ताचे ठिपके दिसतात, तेव्हा कळतं. गेल्या खेपेला काठावर पाऊल ठेवलं असं मला वाटलं, आणि ठेवलेलंच नव्हतं. गेलो पाण्यात. हिने केस धरून ओढलं."

"केस तरी किती उरलेत," म्हातारी म्हणाली. "चिमूटभर मिळाले म्हणून वाचले."

"दुखत नाही?" तिने विचारलं.

"दुखत नाही हेच तर वाईट, बाई."

"हो," ती म्हणाली. "तसं असतं."

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितलं. दिराने फोनवर किती सांगितलं होतं कुणास ठाऊक. तो माणूस फोनवर सगळंच सांगायचा.

परत धक्क्याला लागल्यावर तिने इंजिन बंद केलं. "आता निवू दे," ती म्हणाली. "मग कागद बघते, ऑइल परत बघते." आणि पुन्हा खाली उतरली. खण तिच्या आधीच्या खणापेक्षा ऐसपैस होता. कडेला एक फळी होती, तिच्यावर बसून पाठ लाकडाला टेकता येत होती. इंजिन तापलेलं होतं, निवताना टिकटिक वाजत होतं. डिझेलचा, गरम लोखंडाचा, ओल्या दोराचा वास. ती वाट बघत बसली.

वर दिराने म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा नंबर सांगितला, तो बरोबर निघाला. म्हातारीला तिचा चष्मा नाकावरून का घसरतो ते समजावलं. मग किमतीचं बोलणं काढलं, आणि बोलण्यात त्याला कोण हरवणार? ते ठरत आलं, तरी खालून हालचाल नाही. "वहिनी?" त्याने हाक मारली. पुन्हा मारली. मग तो घाबराघुबरा होऊन खणाच्या तोंडाशी गुडघे टेकून वाकला.

ती झोपली होती. डोकं एका बाजूला कललेलं, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सोडून दिलेले.

"वहिनी, अहो, इथे कुठे..." दीर ओशाळून म्हणाला. "माफ करा हं, काकू, त्या घरी अजिबात झोपत नाहीत, म्हणजे बहीण सांगत होती त्यांची, रात्र रात्र..."

"मग उठवतोस कशाला?" म्हातारी म्हणाली. "ते झाकण तेवढं सगळं उघडं ठेव. वारा लागू दे."

"पण बराच वेळ झाला तर?"

"तर होऊ दे. आम्हाला कुठे जायचंय?"

दिराने झाकण अडकवून ठेवलं. म्हातारीने चहा आणला. तो तिघांनी बोटीत बसून प्यायला, बोलणं हळू आवाजात. दिराला हळू बोलता येतं हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. एकदा मधेच तो थांबला, चष्मा काढून पुसला, आणि कुणी काही विचारलं नसताना म्हणाला, "माझा थोरला भाऊ होता." म्हाताऱ्याने मान हलवली.

ऊन कलल्यावर ती जागी झाली. आपण कुठे आहोत ते तिला लगेच कळलं, आणि मधल्या वेळात काहीच घडलं नाही हेही कळलं. स्वप्न नाही, काही नाही. मान अवघडली होती. तिने हात लांब करून इंजिनाखालचा कागद ओढला. एका कोपऱ्यात चिंचोक्याएवढा डाग होता, बाकी कागद कोरा. ऑइल परत बघितलं. मग वर आली.

"एक सील बदलावं लागेल," ती म्हणाली. "आणि त्या नळ्या मी साफ करून घेईन. घेते मी ही."

कुणी झोपेचं नाव काढलं नाही. म्हातारा म्हणाला, "डबा पण न्या." म्हातारी म्हणाली, "डबा आधी न्या."

घरी जाताना दिराने विचारलं, "बरं वाटतंय का, वहिनी?" तिने थोडा विचार केला. बरं वाटत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं. "झोप झाली," ती म्हणाली.

सील बदलायला, नळ्या साफ करायला, परवाने आपल्या नावावर करून घ्यायला वेळ गेला. नळ्यांतून शिंपल्यांचा चुरा निघाला, परातभर. ती रोज धक्क्यावर जायची, काम करायची, यायची. रात्री कधी झोप लागायची, कधी नाही. बहिणीचा फोन आला की "रडलीस का?" असा प्रश्न असायचा. "नाही गं," ती सांगायची, "नळ्या साफ करते आहे."

पहिल्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून दीर दोर बांधायला आला. बांधलेली गाठ दोनदा सुटली. मास्तर आले, नर्स आली, टपालाची थैली आली. सगळे जरा जपून बोलत होते, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. तिने इंजिन चालू केलं, धूर विरेपर्यंत थांबली, आणि बोट काढली. चाक धरून उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ नव्हती, पण खेप घेऊन जायची पहिलीच होती. पाणी सपाट होतं. तिला काही विशेष वाटलं नाही.

खाडीच्या मध्यावर मास्तरांनी येताना सरीत भिजलेली आपली छत्री उचलून इंजिनाच्या झाकणावर, हवा जायच्या जाळीवर आडवी ठेवली.

"मास्तर!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की नर्सच्या हातातली पिशवी पडली. "ती जाळी काय छत्र्या वाळवायला ठेवलीय का? इंजिनाने श्वास कुठून घ्यायचा? वर्गात पोरांनी असं केलं तर अंगठे धरून उभं कराल!"

मास्तरांनी घाईघाईने छत्री मांडीवर घेतली, मांडी भिजली. "चुकलं, ताई," ते म्हणाले. दीर तिच्याकडे बघत राहिला. नर्सने पिशवी उचलता उचलता तोंडावर हात धरला.

तिचे कान तापले होते. पलीकडचा काठ येईपर्यंत ती चिडलेलीच होती, आणि बोट लावतानाही जरा जोरात लावली. माणसं उतरली. परतीची माणसं रांगेत उभीच होती. दिराने दोर धरला आणि माणसं एकेक करून चढायला लागली.